बाज पाळायचं लायसन्स कुठं मिळतं?

आता मघाशी मागच्या रांगेतून एका मुलानं विचारलं की सर, बाज पाळून शिकार करायचं लायसन्स आपल्याकडे कुठं मिळतं. कुठंच मिळत नाही बाळा. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा शिकारीचे परवाने होते, ते १९९१ च्या दुरुस्तीत गेले, आणि लोकांना वाटतं शिकार म्हणजे फक्त मारणं, पण तसं नाहीये. कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा एकदा, पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना नुसता त्रास देणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. म्हणजे तुमचा ससाणा पुढे एक तित्तिर मारो न मारो, तुम्ही त्याला जाळ्यात धरलं तिथंच गुन्हा झाला. बहिरी ससाणा तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यानं सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या प्राणी-पक्ष्यांच्या यादीत आहे, कमीत कमी ३ वर्षं आत, जास्तीत जास्त ७, आणि दंड वेगळा.

अमेरिकेत मात्र चालतं, आणि तिथले नियम मला फार आवडतात. १२ वर्षांच्या पुढचा कोणीही शिकाऊ होऊ शकतो पण त्याला आधी लेखी परीक्षा, ८० टक्के पाहिजेत, मग पक्ष्याची जागा कशी आहे ते अधिकारी येऊन बघणार, आणि एका अनुभवी माणसाच्या हाताखाली निदान २ वर्षं काढायची, तीही नुसती कागदावर नाही, दरवर्षी किमान ४ महिने पक्षी पाळून, शिकवून, उडवून. शिकाऊला एकच पक्षी. घरट्यातलं पिल्लू त्याला ठेवताच येत नाही, आणि वरच्या दर्जाच्या माणसानं पिल्लू काढलं तरी घरट्यात एक तरी मागे ठेवावंच लागतं. हे सगळं बघितलं की कळतं, इथं विचार आधी पक्ष्याचा केलाय. अमेरिकेतल्याच हवाई राज्यात तर हा खेळ चालतच नाही.

अमेरिकेतला अजून एक नियम बघा. पक्ष्याला सीझन काय कळणार, समजा त्यानं बंद सीझनमध्ये ससा धरलाच तर मालकानं तो घरी न्यायचा नाही, पक्ष्याला तिथंच खाऊ द्यायचं आणि उरलेलं तिथंच सोडून यायचं.

आपल्याकडे असं परवाना देऊन चालू करा असं मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक पिंजरा जाऊन तपासायचा तर तेवढी माणसं पाहिजेत, आणि ती नसताना परवाना दिला की त्याच्या आडून जाळीच लागणार. दुसरा प्रश्न होता, संक्रांतीत मांज्यानं जखमी झालेला शिकरा, म्हणजे आपल्याकडचा छोटा शिकारी पक्षी, सापडला तर? उचला, अंधाऱ्या खोक्यात ठेवा, बळंच पाणी पाजू नका, आणि लगेच वनखात्याला कळवा. बरा करून मग सोडतो म्हणून आठवडाभर घरी ठेवलात तर हेतू कितीही चांगला असू दे, उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार.