पिशवी भरण्याआधी

सणासुदीत आपण दोन कामं एका दमात उरकतो: घर आवरतो आणि दानही करतो. कपाटातलं नकोसं पिशवीत, पिशवी एखाद्या संस्थेच्या दारात, आणि रिकाम्या झालेल्या खणासाठी पुन्हा नवी खरेदी. याला आवरणं म्हणा, माझी हरकत नाही. दान म्हणू नका, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

अशा पिशव्या निवडायला कधी तरी बसून बघा. चेन गेलेली पँट, कॉलर विरलेला शर्ट, एकाच पायाचा बूट, निम्मे तुकडे हरवलेलं जिगसॉ, मध्येच कुणाची तरी मुदत संपलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. एकेक नग उजेडात धरायचा, शिवण ताणून बघायची, खिसे उलटे करायचे. चांगलं तेवढं बाजूला काढायचं आणि उरलेल्याची विल्हेवाट संस्थेनं पदरमोड करून लावायची. आपला कचरा टाकायचा हेलपाटा तेवढा आपण दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला असतो.

२००४च्या त्सुनामीनंतर हेच प्रचंड प्रमाणात झालं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात औषधांचा पूर आला, पण त्यातल्या कित्येकांवरची लेबलं तिथल्या लोकांना वाचताच येईनात. पाठवणाऱ्यांची नियत साफ होती. घेणाऱ्याला काय हवंय, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आता साधेपणाकडे येतो. तो कपाट रिकामं करण्यात नाही, ते भरताना हात आखडण्यात आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९९३ साली नाताळच्या भेटवस्तूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यानं विद्यार्थ्यांना विचारलं, मिळालेल्या वस्तूमागची माया क्षणभर बाजूला ठेवा; तिच्यासाठी स्वतःच्या खिशातून किती पैसे मोजाल? हिशेब असा निघाला की किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वायाच जातो. लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत ही घट जास्त, मित्रमैत्रिणींच्या भेटींत कमी. (या गृहस्थाला त्यानंतर कुणी भेट दिली असेल का, अशी शंका मला नेहमी येते.) माया अशी बाजूला काढता येते का, यावर वाद घाला. पण केवळ द्यायचं म्हणून दिलेल्या, खोक्यातून कधीच न निघालेल्या वस्तू प्रत्येकाच्या घरात आहेत. त्याच पुढच्या सणाला त्या पिशवीत जाणार.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलं आहे: परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी दिलेलं. या कसोटीला आपली सणातली देवघेव उतरत नाही. त्यांनी दिलं म्हणून आपण दिलं, हा चोख व्यवहार झाला. तो मोडा असं मी म्हणत नाही. नाती त्यावरही टिकतात. घरच्यांशी मोकळेपणानं बोलून तो आटोपशीर करा, इतकंच.

योग्य वेळेचंही तसंच. सणाच्या दिवशी एकेका वसतिगृहात चार-चार गट कार्यक्रम घेऊन येतात. मुलं फोटोसाठी रांगेत उभी राहून दमतात. त्यानंतर कित्येक महिने तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. तिथल्या व्यवस्थापकाला फोन करून विचारा, सध्या अडलंय कुठे? उत्तरं नीरस असतात. विजेचं बिल, गाडीचं डिझेल, छताची डागडुजी, हिशेबनिसाचा पगार. विजेच्या बिलावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी पैसे जमणं सगळ्यात कठीण.

तेव्हा वस्तूंऐवजी पैसे द्या, आणि जमलं तर थोडे थोडे, दरमहा. खात्यातून ठरलेल्या तारखेला आपोआप रक्कम जाण्याची सोय बँका देतात. सणाच्या खरेदीची यादी करायला बसाल तेव्हा आधी ती सूचना भरून टाका. खरेदी झाल्यावर उरेल त्यातून देऊ म्हटलं, की उरत काही नाही.