कपाचा तळ शेवटी वाचा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जुने इंग्लिश पोर्सेलिनचे कप ओळखावेत कसे’. ते सांगणारच आहे. पण आधी माझ्या आत्याच्या कपाची गोष्ट ऐका, कारण सगळी विद्या त्या एका कपात आहे.

आत्याकडे एक कपबशी होती. गर्द निळा रंग, काठाला सोनेरी वेलबुट्टी, कान इतका नाजूक की बोट घालायची भीती वाटावी. दिवाळीलाही ती कपाटाबाहेर यायची नाही. तळावर मुकुट, ‘कोलपोर्ट’ हे नाव आणि ‘ए. डी. १७५०’. आत्या गेल्यावर घरच्यांनी ती मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवली. त्याने आधी कप पालथा केला, आकडा वाचला आणि सांगून टाकलं, ‘पावणेतीनशे वर्षांचा माल आहे.’ झालं! माझे दोन चुलतभाऊ त्या कपापायी वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

मला चीड येते ती याची. कप पालथा करण्याआधी त्याच्याकडे नीट बघा ना!

पहिल्यांदा कान बघा. १७५० च्या सुमारास इंग्लंडात चहा प्यायचे तो बहुतेक बिनकानाच्या वाटीतून, चिनी पद्धतीने. कान असायचा कॉफीच्या कपाला. चहाची वाटी, कॉफीचा कप आणि दोघांत मिळून एकच बशी, असा संच विकला जाई. चहा आणि कॉफी एकाच वेळी कोण पितंय? बशी खोलगट असे, मध्ये कप बसायला खळगा नसे. आणि हो, त्या काळी इंग्रजही बशीत ओतून चहा पीत. तुमच्या घरी बशीतून फुरका मारणाऱ्या आजोबांना कुणी नावं ठेवली, तर हे जरूर सांगा. (हशा) वाट्या लहानच असत, कारण चहा महाग. १७८४ साली चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आणला, तेव्हा कुठे तो सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला.

मग माती. खोलीत अंधार करा आणि कपामागे दिवा धरा. इंग्लंडातल्या वूस्टर गावच्या कारखान्याने १७५१ पासून मातीत कॉर्नवॉलचा सोपस्टोन मिसळला, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याचाच भाऊबंद. त्या कपातून उजेड बहुधा हिरवट झाक घेऊन येतो. बोन चायना म्हणजे हाडांची राख मिसळलेली माती; तिच्यातून येतो तो दुधासारखा पांढरा. ही राख लंडनजवळच्या बो कारखान्यानेही १७४० च्या दशकात वापरली होती. पण निम्मी राख आणि उरलेल्यात चिनी माती नि चायना स्टोन नावाचा दगड, हे आज आपण ओळखतो ते मिश्रण स्टोकच्या स्पोड कारखान्यात बसलं, १७९० च्या दशकात.

आत्याच्या कपामागे मी टॉर्च धरला. लख्ख पांढरा! कान होता, बशीत खळगाही होता. १७५० तिथेच निकालात निघालं.

मग तो आकडा कसला? ते कंपनीने स्वतःच्या कुळाचं सांगितलेलं जन्मसाल, कपाचं नव्हे. जॉन रोझचा कोलपोर्ट कारखाना उभा राहिला तोच १७९० च्या दशकात, आणि ए. डी. १७५० हा ठसा आला १८८० च्या दशकात. आत्याच्या कपावर त्याखाली बारीक अक्षरांत ‘इंग्लंड’ही होतं. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा १८९१ पासून ‘इंग्लंड’ सर्रास दिसू लागलं. म्हणजे कप त्याच्या आसपासचा किंवा नंतरचा. मी हे भावांना सांगितलं, तेव्हा दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. तळावर पतंगासारखा चौकोन असेल, तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. वरच्या गोलात रोमन चार म्हणजे मातीकाम. साल दाखवणारं अक्षर १८६७ पर्यंत त्या गोलाखाली असे, १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात गेलं. पण ही तारीख नक्षीच्या नोंदणीची. तीच नक्षी पुढे अनेक वर्षं निघत राही. १८८४ पासून चौकोन गेला, ‘आर. डी. नंबर’, म्हणजे नोंदणी क्रमांक, आला. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसावं शतक. रॉयल वूस्टरच्या ठशाभोवती टिंबं असतील तर मोजा: १८९२ ला एक, १८९३ ला दोन, असं वाढत गेलं. सोनेरी काम झिजलंय का, आणि झिजलंय ते ओठ आणि बोट लागतात तिथेच का, हेही बघा.

आत्याचा कप समोर टेबलावर ठेवलाय. बघायला येणाऱ्यांनी अंगठ्या काढून या, आणि कानाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी ओंजळीत घ्या. टॉर्च शेजारीच आहे.