गावठी कोंबडीपासून डोडोपर्यंत

(दृश्य: प्रयोगशाळेचं टेबल, पसरलेली हाडं)

नामशेष पक्ष्याचं हाड ओळखायचं तर आधी जिवंत पक्ष्याची हाडं पाठ हवीत. कोल्हापुरातल्या या प्रयोगशाळेत सुरुवात होते गावठी कोंबडीपासून. बॉयलर गल्लोगल्ली मिळतो, पण त्याचा उपयोग नाही. तो जेमतेम सहा आठवड्यांचा. हाडांची टोकं अजून कूर्चेचीच असतात. भिजवली की ती निसटतात, सांध्याचा आकारच हाती लागत नाही.

(दृश्य: पातेलं, मलमलच्या पिशव्या)

कातडी-मांस काढून हाडं चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात, एन्झाइमवाली धुण्याची पावडर टाकून. डावा पंख एका पिशवीत, उजवा दुसऱ्या. पाणी ओतायचं ते चहाच्या गाळणीतून, नाहीतर बोटांची हाडं मोरीत जातात. उकळायचं नाही, चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळं तेल पाझरत राहतं. ब्लीच तर नकोच, हाड भुसभुशीत होतं. शेवटी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सावलीत वाळवण.

(दृश्य: दोन उरोस्थी, म्हणजे छातीची हाडं, शेजारी शेजारी)

पांढरी कोंबडीची. मधल्या उभ्या पातीला उडण्याचे स्नायू चिकटतात. करडी डोडो या नामशेष पक्ष्याची, शिरोली एमआयडीसीत थ्रीडी प्रिंट केलेली. हाड केवढं आणि पाती केवढीशी! एवढ्यावरून कळतं, हा उडत नव्हता. मात्र प्रिंटला आधार देणारे सपोर्ट तोडल्याचे वळ पॉलिश पेपरने आधी घासा. विद्यार्थी त्यांनाच स्नायूंच्या खुणा समजतात.

डोडोची मूळ हाडं निघाली मॉरिशसच्या मार ओ सोंज दलदलीत. 1865 साली जॉर्ज क्लार्क या शिक्षकाने माणसं पाण्यात उतरवली, त्यांनी पायांनी चाचपून हाडं शोधली. बेटावरची माती ज्वालामुखीची, आम्लधर्मी. इतरत्र हाड सहसा टिकत नाही. आपल्या पन्हाळ्याच्या जांभ्यातही फार आशा धरू नये.

2002 मध्ये डीएनएवरून ठरलं, डोडोचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक निकोबारी कबूतर. तो संरक्षित पक्षी, त्याची हाडं मिळणार नाहीत, त्यामुळे तुलनेसाठीच्या हाडांच्या पेटीत निदान साधं कबूतर तरी हवंच. नुसत्या कोंबडीवर भागत नाही. अशी पेटी प्रत्येक महाविद्यालयात करता येते, खर्च किरकोळ.

डच 1638 मध्ये मॉरिशसवर वसले. उंदीर, डुकरं, माकडं आली. डोडोची शेवटची नोंद बहुतेक अभ्यासक 1662 ची मानतात.

(दृश्य: चिठ्ठी लिहिणारा हात)

प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर जात, वय, तारीख आणि नर की मादी. हे शेवटचं लिहायचं हमखास राहून जातं. रॉड्रिग्ज बेटावरच्या सॉलिटेअर या डोडोच्या नामशेष भाऊबंदाचे नर माद्यांपेक्षा खूपच मोठे. तिथली लहान हाडं एकेकाळी चक्क वेगळ्या जातीची ठरवली गेली होती. नमुन्याचा क्रमांक हाडाच्या मधल्या दांड्यावर लिहायचा. सांध्यावर नाही, तिथे मापं घ्यायचा कॅलिपर लागतो.