‘ड्रॅग युअर फीट’: कुठे वापरायचं, कुठे नाही

नमस्कार! सोसायटीची लिफ्ट बंद आहे. कोटेशन आलंय, पैसे जमा आहेत, पण कमिटी सहीच करत नाही. इंग्रजीत म्हणायचं, ‘द कमिटी इज ड्रॅगिंग इट्स फीट.’

काम करणं हातात आहे, पण करायचं मनात नाही. दोन्ही असेल तरच हा वाक्प्रचार बसतो. लिफ्टचा पार्ट मिळत नाही म्हणून काम रखडलं असेल, तर नुसतं ‘डिलेड’ म्हणा. कारण ‘ड्रॅगिंग इट्स फीट’ म्हटलं की तुम्ही समोरच्यावर ठपका ठेवता. आपली ‘चालढकल’ याच्या सगळ्यात जवळची. ‘पाय ओढणं’ मात्र म्हणू नका, ते आपल्याकडे दुसऱ्याला खाली खेचणं झालं.

आता वाक्य बनवू. ‘फीट’ कायम अनेकवचनी. ‘ही इज ड्रॅगिंग हिज फुट’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, पायाला लागलंय. मधला शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो: माय, हिज, हर, देअर. बँक, कंपनी, सरकार असेल तर ‘इट्स’. लिहिताना त्यात अपॉस्ट्रॉफी नको, ही चूक सर्रास दिसते.

कशात चालढकल, ते ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’ लावून सांगा: ‘द बँक ड्रॅग्ड इट्स फीट ऑन द लोन.’ पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी: ‘ऑन साइनिंग’. आपण ‘सही करायला’ म्हणतो ना, म्हणून तोंडात ‘टू साइन’ येतं. तिथे सांभाळा.

नाम होतं ‘फुट-ड्रॅगिंग’. इथे मात्र ‘फुट’! दात अनेक असूनही ‘टूथब्रश’ म्हणतात, तसंच हे. ‘ड्रॅग युअर हील्स’ ऐकलंत तर अर्थ तोच. ‘कोल्ड फीट’ वेगळं, ते ऐनवेळी कच खाणं.

ऑफिसच्या मेलमध्ये जपून. स्वतःबद्दल, सहकाऱ्याला, ‘सॉरी, आय हॅव बीन ड्रॅगिंग माय फीट ऑन धिस’ छान चालतं. पण आजारपणामुळे उशीर झाला असेल, तर असं लिहून विनाकारण दोष ओढवून घेऊ नका. आणि ग्राहकाला ‘यू आर ड्रॅगिंग युअर फीट ऑन द पेमेंट’ कधीच नको. त्याऐवजी लिहा, ‘वी आर स्टिल वेटिंग फॉर द पेमेंट ड्यू ऑन 5 जून.’ तारीख आणि इन्व्हॉइस नंबर दिलात की मागणी स्पष्ट होते, संबंधही बिघडत नाहीत.