खोबणीत मावलेला रुंद पडदा

मित्रहो, लेसरडिस्क तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्याच काळात अमेरिकेत आणखी एक व्हिडिओ तबकडी निघाली होती: आरसीए कंपनीची सीईडी. मार्च १९८१मध्ये ती ‘सिलेक्टाव्हिजन’ या नावाने बाजारात आली. हिच्यात लेसर नव्हता, चक्क सुई होती. कार्बन मिसळून वीजवाहक केलेल्या प्लास्टिकच्या तबकडीवर अतिशय बारीक खोबण. तिच्यातून हिऱ्याची सुई फिरायची. सुईवरचा धातूचा थर आणि तबकडी यांच्यातली विद्युत धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, क्षणोक्षणी बदलायची, आणि त्या बदलातून चित्र आणि आवाज उभा राहायचा. मिनिटाला ४५० फेरे, एका बाजूला एक तास. तबकडीला बोट लावायचं नाही, म्हणून ती कव्हरसकट यंत्रात सारायची आणि रिकामं कव्हर बाहेर ओढून घ्यायचं.

संशोधन १९६४पासून चाललं होतं. तबकडी दुकानात पोचली तोवर लोकांच्या घरात व्हीसीआर आला होता, आणि त्यावर रेकॉर्डिंगही करता येत होतं. एप्रिल १९८४मध्ये आरसीएने प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. तबकड्या मात्र १९८६पर्यंत निघत राहिल्या.

माझ्या आवडीचा भाग इथून सुरू होतो. टीव्हीचा पडदा तेव्हा जवळपास चौकोनी, म्हणजे रुंदी १.३३ तर उंची १. पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीतला सिनेमा २.३५ला १. पडदा भरायचा म्हटलं की चौकटीचा सुमारे ४३ टक्के भाग कापावा लागे. कुठला ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे दिग्दर्शक नाही, व्हिडिओ बनवणारा तंत्रज्ञ ठरवायचा. सीईडीवर सुरुवातीला फक्त नामावली पूर्ण रुंदीत दिसायची. नावं कापून चालत नाहीत ना! कथा सुरू झाली की कात्री चालू. मग त्याच १९८४ साली, प्लेअर बंद होत असताना, इटालियन दिग्दर्शक फेलिनींचा ‘अमारकोर्ड’ वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून अख्खा पूर्ण चौकटीत निघाला. घरगुती व्हिडिओवर सबंध सिनेमा असा मिळण्याची ती पहिली वेळ मानली जाते. पाठोपाठ आणखी मोजकेच आले. त्यांत ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’, ‘किंग ऑफ हार्ट्‌स’ आणि रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘द लाँग गुडबाय’.

या शेवटच्या नावापाशी मी थांबणार आहे. त्यात मालिबूच्या समुद्रकाठच्या घरातलं रात्रीचं दृश्य आहे. खिडकीपाशी गुप्तहेर मार्लो आणि त्या घरातली आयलीन बोलताहेत. विल्मोश झिगमंड यांचा कॅमेरा हळूहळू त्या दोघांच्या मधून काचेपलीकडे सरकतो, आणि तिथे, दूर, आयलीनचा नवरा लाटांत चालत जाताना दिसतो. बोलणाऱ्या दोघांना पत्ता नाही, आपल्याला आहे. सगळी भीती त्या मधल्या जागेत साठलेली आहे. चौकोनी पडद्यासाठी कापताना बोलणाऱ्यांपैकी एकाला तरी बाहेर काढावं लागतं. मग राहतो तो नुसता संवाद आणि एक समुद्र. दोन चेहऱ्यांमधून पाहणं उरत नाही.

पट्ट्यांची किंमतही होती, ती नाकारून चालणार नाही. अमेरिकन टीव्हीच्या दिसणाऱ्या सुमारे ४८० रेषांपैकी इतक्या रुंद सिनेमाच्या वाट्याला जेमतेम २७० येतात. सीईडीचं चित्र मुळातच व्हीएचएस कॅसेटच्या तोडीचं, त्यापेक्षा फार सुबक नाही. एवढं असूनही कुणीतरी ठरवलं की चित्र थोडं धूसर चालेल, अपुरं नको. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुढे वुडी ॲलन यांनी ‘मॅनहॅटन’ घरगुती व्हिडिओवर पूर्ण रुंदीतच यावा असा आग्रह धरला, आणि लेसरडिस्कवर ही पद्धत रुळली. पण ती लेसरडिस्क, हौशी लोकांची. सीईडी साध्या दिवाणखान्यासाठी बनली होती, आणि सुरुवात झाली ती तिच्यावर.

हे सिनेमे आज याहून कितीतरी चांगल्या प्रतीत मिळतात, म्हणून या तबकड्या टाकून द्याव्यात असं कुणी म्हणेल. माझं मत उलट आहे. सुई खोबणीवर घासते, म्हणजे प्रत्येक वेळी पाहताना तबकडी थोडी झिजते; धूळ आणि दमट हवा तिला आणखी बिघडवते. चालू स्थितीतले प्लेअरही कमी होत चाललेत. संग्राहकांनी या मोजक्या तबकड्या आहेत तशा, पट्ट्यांसकट, डिजिटल करून ठेवायला हव्यात, आणि तेही आताच. आता दिवे मालवू या. मालिबूचं ते दृश्य आधी कापलेलं दाखवतो, मग पूर्ण.