पांढरी पाचचा खर्ज

म्हार्दोळ, तालुका फोंडा. श्रावणातली संध्याकाळ, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, बारा दिवसांवर आलेली. ॲम्प्लिफायर चालू आहे, पण कॅसेट नाही, सीडी नाही, काहीच लावलेलं नाही. तरी दोन्ही स्पीकरमधून एक सूर येतोय. बारीक, सलग, न थांबणारा.

माझ्या आजीनं उमेदीची वर्षं भजनात पेटी वाजवली. खुर्चीतूनच तिनं विचारलं, "अगो, पांढरी पाचचा खर्ज कोण धरून बसलंय?"

फोंड्याहून आलेल्या मेकॅनिककाकांना आम्ही तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते आजीकडे वळून म्हणाले, "आजी, माझं अर्धं काम तुम्हीच केलंत."

पांढरी पाचचा खर्ज, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा खालच्या सप्तकातला सूर: सेकंदाला 98 कंपनं. आपल्या घरात येणारी वीज 50 हर्ट्झची. ॲम्प्लिफायरमधला, एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर त्या लाटेचा वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग वापरतो, म्हणून डीसीवर जी लहर उरते ती 100 हर्ट्झची असते. आजीच्या खर्जाच्या अगदी शेजारची. ही लहर सपाट करायचं काम वीज साठवणाऱ्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरांचं. ते आतून सुकले की लहर स्पीकरमध्ये ऐकू येते. अर्थिंगमधून किंवा तुटक्या शील्डच्या वायरमधून शिरणारा हम, म्हणजे असा घुमणारा आवाज, बहुधा 50 चा, म्हणजे एक सप्तक खालचा असतो. पेटीवर बोटं फिरवलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

काका तरीही नुसत्या कानावर थांबले नाहीत. त्यांनी व्हॉल्यूम शून्यावर आणला. सूर तेवढाच. मागच्या सगळ्या इनपुट पिना उपटल्या. तरी तेवढाच. आवाज व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाला असता, तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे वायरीत, प्लेअरमध्ये नाहीतर प्रीॲम्पमध्ये (सुरुवातीच्या, बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागात) शोधायचा. इथे तो पलीकडे होता. झाकणाचा एकही स्क्रू काढायच्या आधी इतकं कळलं होतं, आणि मला वाटतं, दुरुस्तीतलं खरं कसब इथेच आहे.

प्लग काढला तरी या कपॅसिटरांत वीज साठून राहते. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणारे पुष्कळ भेटतात. काकांना ते मुळीच पटत नाही. एक किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर ते दोन्ही टोकांना धरून ठेवतात आणि मीटरवरचा आकडा उतरताना बघतात. पस्तीस व्होल्ट, वीस, आठ, एक. वीस-पंचवीस सेकंद लागतात.

झाकणाच्या आत पालीची दोन अंडी होती, रिकामी. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांवर तांबूस गंज. आमच्याकडे जूनपासून कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते, मग तांब्या-कथलाची काय कथा. पावसात सेट महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, रोज अर्धा तास तरी लावा, असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. आतल्या उबेनं दमट हवा टिकत नाही.

आता जवळून पाहा. 4700 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. एकाचं डोकं किंचित फुगलंय, बोट फिरवलं तर कळेल एवढंच. बुडाशी तपकिरी डाग आहे, पण तो गळतीचा नव्हे. कारखान्यात लावलेला गोंद जुना होऊन काळवंडलाय, आणि या डागाला फसून चांगले भाग बदलले जातात. भिंगाखाली मात्र पायाभोवतीच्या सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसते. ड्राय सोल्डर, म्हणजे पकड सुटलेला जोड. बांबूच्या काडीनं पाय हलवला की चीर उघडते, मिटते.

दोन्ही कपॅसिटर बदलले. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट 50 च्या जागी 63. व्होल्ट वरचे चालतात, खालचे कधीच नाहीत. पट्टीची बाजू म्हणजे निगेटिव्ह, ती दोनदा तपासली.

मग काकांनी पिशवीतून सिरीज बोर्ड काढला. शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही. ॲम्प्लिफायरला वीज मिळणार ती या बल्बातून. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून राहील आणि ट्रान्झिस्टर वाचतील. स्विच दाबला. बल्ब उजळला, कपॅसिटर भरले, आणि तार हळूहळू विझत लालसर होऊन राहिली.

स्पीकर अजून जोडलेले नव्हते. आधी त्यांच्या टर्मिनलवर डीसी मोजला: डावीकडे 18 मिलिव्होल्ट, उजवीकडे 23. पन्नासच्या आत असलं की काका निश्चिंत होतात. इथे तीस व्होल्ट निघाले असते, तर स्पीकरची कॉइल थोड्याच वेळात जळाली असती.

स्पीकर जोडले. स्पीकर जोडून देणारा आतला स्विच, रिले, टक् करून लागला. आजीनं मान तिरकी करून ऐकलं.

"गेला," ती म्हणाली.

मग तिनंच आरत्यांची कॅसेट लावायला सांगितली. व्हॉल्यूम फिरवताना मधेच खरखर झाली. व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा पट्टा झिजलाय, नुसत्या स्प्रेनं भागणार नाही, नवा लागेल. "चवथ झाल्यावर आणून लावतो, बाय," काका म्हणाले, "तोपर्यंत बटण तेवढं फिरवू नका." आजीनं घुमटाचा, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या वाद्याचा, ठेका धरला होता, खुर्चीच्या हातावर.