कुलूपबंद खेळण्यांचं दुकान

[दृश्य : बुडापेस्ट, सातवा जिल्हा. नक्षीदार सज्जे, गिलावा उडालेल्या भिंती. कमानीतून आतला चौक.]

बुडापेस्टचा हा सातवा जिल्हा. जुनी ज्यू वस्ती. महायुद्धानंतर इथल्या कित्येक इमारती नीट उभ्या राहिल्याच नाहीत. चालू शतकाच्या सुरुवातीला तरुण मंडळींनी या पडक्या वाड्यांच्या चौकांत खुर्च्या मांडल्या, दिव्यांच्या माळा लावल्या आणि बार थाटले. आज जगभरचे प्रवासी इथे संध्याकाळ घालवायला येतात.

आम्हाला मात्र चौकात थांबायचं नव्हतं. खाली जायचं होतं.

[दृश्य : तळघराचा जिना. उतरणारी पावलं.]

युरोपात एस्केप रूमनं मूळ धरलं ते याच शहरात. खेळ साधा आहे. चार-पाच जणांना खोलीत सोडतात, दार लावतात आणि ६० मिनिटं देतात. खोलीतली कोडी सोडवत बाहेर पडायचं. २००७ साली जपानमध्ये, क्योटोत, ताकाओ काटो यांनी संगणकाच्या पडद्यावरचा हा प्रकार खऱ्याखुऱ्या जागेत आणला. २०११ साली बुडापेस्टमध्ये अत्तिला ग्युरकोविच यांनी ‘पॅरापार्क’ सुरू केलं. त्यानंतर रिकामी तळघरं भराभर भरत गेली. कुठे तुरुंग, कुठे प्रयोगशाळा, कुठे फॅरोची कबर.

आम्ही निवडलं खेळण्यांचं दुकान.

[दृश्य : दिवे लागतात. खोली हळूहळू दिसते. ८ सेकंद निवेदन नाही.]

काचेच्या कपाटात बाहुल्या. वर टांगलेली विमानं. गल्ल्यामागे लाकडी फळ्या, फळ्यांवर अस्वलं, भोवरे, पत्र्याचे घोडे, आणि खोलीच्या मधोमध रुळांवर एक आगगाडी. कोपऱ्यातल्या फळीवर रुबिकचा घन ठेवला आहे. त्याला इथे मानाची जागा मिळणारच. १९७४ साली याच शहरात अंतर्गत सजावट शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी लाकडाचे ठोकळे जोडून तो पहिल्यांदा बनवला, आणि १९७७ साली तो विक्रीला आला तो बुडापेस्टच्याच खेळण्यांच्या दुकानांत.

खेळ चालू असताना आत मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे पुढची दृश्यं मालकांनी दिलेल्या कॅमेऱ्याची आहेत. त्यांना आवाज नाही.

[दृश्य : छतावरच्या कॅमेऱ्यातून, कृष्णधवल. चौघं जण. मावशी मध्यभागी.]

ही आमची मावशी. वय सत्तरीच्या पुढे. हा भाचा, ही त्याची बायको, आणि पाठमोरी मी.

पहिली काही मिनिटं आम्ही सगळ्याला हात लावत सुटलो. बाकीच्या एस्केप रूममध्ये नवख्यांना सारखं सांगावं लागतं, ‘शोधा, उघडा, उचलून बघा.’ इथे कुणी काही सांगितलं नाही. खेळणं समोर आलं की हात आपोआप पुढे जातो. खोली रचणाऱ्यानं सगळा डाव त्यावरच बेतला आहे.

या चौकटीत मावशीकडे बघा. तिच्या हातात चावीची पेटी आहे. किल्ली दिली की धून वाजते. शेजारी रंगीत पट्ट्यांचा झायलोफोन. मावशीनं धून ऐकली, पेटी खाली ठेवली आणि दांडी उचलली. ती घरी रोज हार्मोनियम वाजवते.

[दृश्य : मावशी वाजवते. कपाट उघडतं. १५ सेकंद निवेदन नाही.]

आता आमच्या कॅमेऱ्याकडे येऊ. खेळ संपल्यावर मालकांनी आम्हाला मागच्या बाजूची खोली दाखवली. तिथे चित्रीकरणाला हरकत नव्हती.

[दृश्य : कामाचं टेबल. पटाशी, तारा, सोल्डरिंगची बंदूक, डोकं नसलेलं अस्वल.]

ही सगळी खेळणी या टेबलावर तयार झाली. ती बनवणारे हे गृहस्थ आधी नाटकांचे सेट उभारायचे. लाकूडकाम तिथलं, तारांचं काम स्वतः शिकलेलं.

ही ती आगगाडी. पाच डबे, पाच रंग. डबा उलटा केला की खाली चिकटवलेलं बारकं चुंबक दिसतं. एका डब्याला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे, तिसऱ्याला थेट मध्यावर. आता रुळाखालची फळी काढली आहे. या काचेच्या नळ्या बघा, उदबत्तीच्या तुकड्याएवढ्या. प्रत्येकीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या आहेत, एकमेकींपासून केसभर अंतरावर. वरून चुंबक आलं की त्या चिकटतात. याला रीड स्विच म्हणतात. डबे योग्य क्रमानं लावून गाडी स्टेशनात उभी केली तरच पाचही नळ्यांवर पाच चुंबकं येतात, वीजमंडल पूर्ण होतं आणि गल्ल्याचा खण स्प्रिंगनं पुढे येतो.

क्रम कळतो तो अस्वलांवरून. पाच अस्वलं, दिसायला जुळी, गळ्यातल्या फिती डब्यांच्या रंगाच्या. पोटात वाळू, पण प्रत्येकाच्या कमीजास्त. बाजूला तराजू ठेवलेला. हलक्यापासून जडापर्यंत लावायची.

यात कुठेही एक अक्षर लिहिलेलं नाही. येणारी माणसं नाना देशांची, त्यामुळे कोडं वजनानं, रंगानं आणि सुरानं बोलायला हवं. मावशीला इंग्रजी जेमतेम येतं. तिथे ती कुणाच्याही मागे नव्हती.

[दृश्य : फळीवरचे घोडे. हात एकेक ओढून बघतो. ते हलत नाहीत.]

फळ्यांवर शे-दोनशे वस्तू आहेत. सगळ्याच कोड्यात असत्या तर दिवसभर डोकं फोडलं असतं. म्हणून ज्यांचा खेळाशी संबंध नाही त्या खिळ्यांनी पक्क्या केल्या आहेत. जे हलतं ते कामाचं. हा नियम खोलीत कुठेच सांगितलेला नाही, तरी दहा मिनिटांत बोटांना कळतो. मला ही सगळ्यात मोठी कारागिरी वाटते.

आणि ती रोज झिजते. अस्वलाची शिवण उसवते. कुणी चावीची पेटी जास्त पिळतो, स्प्रिंग तुटते. प्रत्येक गटानंतर भिंतीवरचे फोटो बघून एकेक वस्तू जागेवर ठेवावी लागते. पडद्यावर बोट लावून सुटणारी कोडी आणली तर हा निम्मा त्रास वाचेल. मालकांना तसं सुचवणारे बरेच भेटतात. त्यांनी अजून ऐकलेलं नाही, आणि या टेबलासमोर उभं राहिलं की का ऐकलेलं नाही ते दिसतं.

[दृश्य : डोकं नसलेल्या अस्वलात वाळू भरली जाते. वजनकाटा. पुन्हा चिमूटभर वाळू. सुई-दोरा.]

आम्ही वेळेत बाहेर पडलो.

[दृश्य : बाहेरचं दार. चौकटीवरचं कुलूप.]

दाराबद्दल एवढं सांगायला हवं. इथलं कुलूप विद्युतचुंबकाचं आहे, वीज गेली की दार आपोआप मोकळं होतं, आणि आत हिरवं बटण आहे. पोलंडमध्ये कोशालिन इथे जानेवारी २०१९ मध्ये एस्केप रूमला आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. त्यानंतर तिथे अशा सगळ्या जागांची तपासणी झाली.

[दृश्य : नवा गट जिना उतरतो. मालक दार उघडून धरतात.]

बुडापेस्टला, किंवा कुठल्याही शहरात, अशी खोली निवडताना पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. वीज गेली तर दार उघडतं का? आणि आतली कोडी हातानं चालणारी आहेत का, ती कुणी बनवली? दुसऱ्या प्रश्नावर मालक उत्साहानं बोलायला लागले, तर तिथेच खेळा.